मूर्नची ढास

चार दिवस बहिणीच्या मातीला प्तुयला गेलो,
मूर्नला ठेवलं गावाबाहेरच्या श्वानगृहात.
अठरा पिंजरे, एकच हवा.
परतलो तेव्हा शेपटी होती तशीच हलती,
पण गाडीत चढता चढता त्याने मान ताणली
आणि घशात हाड अडकावं तसा खाकरला.
मी तोंडात बोटं घालून पाहिलं.
हाड नव्हतं.

रात्री ढास लागली.
कोरडी, रानबदकाच्या ओरडण्यासारखी,
शेवटी थोडा पांढरा फेस
आणि मग माझ्याकडे बघणं,
जणू तो आवाज मीच केला होता.

माझं काम अकॉर्डियन दुरुस्तीचं. चाळीस वर्षं झाली.
भात्याच्या घड्या, कोपरे, कातड्याच्या पट्ट्या.
भाता ताणायचा, सोडायचा, गाल जवळ न्यायचा,
हवा कुठून निसटते ते गालाला कळतं.
तसाच गाल मूर्नच्या बरगड्यांपाशी नेला.
काहीच निसटत नव्हतं.
नुसतं ऊन ऊन लागलं.

डॉक्टर निवेसने नाकातला बोळा तपासायला पाठवला.
शुक्रवारी फोन आला : कोरोना आहे.
सरसाचा ब्रश हातातल्या हातात वाळला.
ती घाईघाईने म्हणाली, तो नव्हे हो, तो नव्हे,
हा कुत्र्यांचा, वेगळा,
गर्दीत राहिले की एकमेकांकडून घेतात.
विश्रांती द्या. गळ्यात पट्टा नको,
छातीला बांधायचा आणा.
जेवण सोडलं, श्वास वाढला, तर वेळ बघू नका, घेऊन या.

मला सगळं कळलं.
त्या शब्दाला मात्र कळलं नाही.
तो कारखान्यातून जिना चढून सरळ वर गेला,
जिथे येर्त्साची चादर अजून घडी घालून आहे.

तिला नेलं तेव्हा मला दारातच थांबवलं होतं.
बावीस दिवस.
नर्स फोन तिच्या उशीशी धरायची
आणि मला ऐकू यायचं फक्त यंत्र,
इतकं तालात
की मी मान खाली घालून शोधत राहायचो
हवा कुठे निसटतेय ते.
फोनला गाल लावून.

समोरच्या ब्रिगिताला सांगणं भाग होतं,
तिची बिस्का आणि मूर्न रोज जिन्यात नाकाला नाक लावतात.
तिने दार अर्धं लोटलं. मग परत उघडलं.
"तो?"
"तो नाही. पण बिस्काला लांब ठेव."
संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर पातेलं,
पातेल्यावर झाकण, झाकणावर दगड.
त्या वर्षीही असंच ठेवायची.
दगडही तोच असावा.

रात्री न्हाणीघरात कढत पाणी सोडून ठेवतो.
आधी आरसा जातो, मग खिडकी,
सोरा नदीवरचं धुकं आत आलंय म्हणावं.
आम्ही दोघं फरशीवर, टॉवेल अंथरून.
घड्याळ धरून मोजतो : मिनिटाला चोवीस.
सव्वीस. पुन्हा चोवीस.
मध्येच उबळ येते, आकडा सांडतो,
पुन्हा एकपासून.
तिचे कधी मोजायला मिळाले नाहीत
हे मी मूर्नला सांगत नाही.
तरी तो कान हलवतो.
वाफेचा थेंब पडला असेल.

बाराव्या दिवशी त्याने रस्सा चाटून संपवला
आणि रिकामं पातेलं नाकाने ढकलत दारापर्यंत नेलं.
दार खरवडलं.
पलीकडून बिस्काही खरवडू लागली.
"अजून थोडे दिवस," मी दोघांना ओरडून सांगितलं,
आणि कितीतरी दिवसांनी जिन्यात माझा आवाज घुमला.

खाली झेलेझ्निकीच्या माणसाचं अकॉर्डियन पडून आहे.
शनिवारी लग्न आहे म्हणतो, चारदा फोन झाला.
आज त्याचा भाता ताणला, गाल जवळ नेला.
डाव्या कोपऱ्यातून येत होती,
बारीक, गार.
पट्टी कापून तयार होती.
जरा वेळ तसाच राहिलो.